सोळाव्या मॅचची ओळ

सप्टेंबरातला तिसरा शनिवार, सकाळचे साडेनऊ. अमेरिकेतलं पिस्कॅटवे, रश्मीच्या घरचं डायनिंग टेबल.

हजर: मी. तुमची रश्मी. रश्मीचा नवरा समीर, वरच्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर, म्हणजे अर्धा हजर. तुमची नात अन्वी, अजून झोपलेली. टेबलावर माझा लॅपटॉप, तुमची निळी वही, आणि तुमचा चष्मा. तो कुठे ठेवायचा हे अजून कोणी ठरवलेलं नाही, म्हणून तो टेबलावरच आहे.

कुमुदमावशी, तुम्हाला जाऊन चार आठवडे झाले. या चार आठवड्यांत मी चोवीस कामांची यादी केली आणि तेवीस कामं संपवली. डायलिसिस सेंटरला कळवलं. वॉकर आणि कमोडची खुर्ची परत केली. नागपूरहून आलेल्या तुमच्या भावाला विमानतळावरून आणलं, परत सोडलं. फ्रीजमध्ये लोकांनी आणून ठेवलेले डबे कोणाचे, हे झाकणांवर चिकटपट्ट्या लावून लिहिलं आणि ज्याचे त्याला पोचवले. फ्युनरल होममध्ये आपल्याला दीड तासाचा स्लॉट होता, पुढे दुसरं कुटुंब होतं. गुरुजींना मी हे दोनदा सांगितलं आणि त्यांनी एक तास वीस मिनिटांत सगळं नीट केलं. तुम्ही म्हणाला असता, "मंजिरी, तुला तर यमानंही वेळ विचारून यावं लागीन." मी दमले आहे. रडून नाही, रडायला वेळच झाला नाही. नुसती दमले आहे. संध्याकाळी गाडी गराजमध्ये लावते आणि दहा मिनिटं तशीच बसून राहते.

चोविसावं काम सोळाव्या मॅचचं आहे. त्याच्यासाठीच आज बसलो आहोत.

पहिल्यापासून सांगते, कारण रश्मीलासुद्धा हे सगळं नीट माहीत नव्हतं. आई आणि शेजारची मंजिरी दर शनिवारी काहीतरी फुटबॉल बघतात, एवढंच तिला ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे एका तासासाठी आले होते. लॅपटॉपचा आवाज येत नव्हता. स्क्रीनवर धुकं होतं, धुक्यात हिरवं मैदान आणि इकडून तिकडे पळणारे बावीस ठिपके. मी विचारलं, हे काय? तुम्ही म्हणालात, "माझा क्लब." काका ऑस्ट्रेलियातल्या ज्या गावात डॉक्टर होते, सिडनीपासून गाडीने पाच तासांवर, तिथे तुम्ही चौदा वर्षं काढलीत. पहिल्या वर्षी कोणी बोलायला नव्हतं म्हणून मैदानाकडे फिरायला गेलात, दुसऱ्या वर्षी क्लबच्या कॅन्टीनमध्ये सॉसेजच्या शेजारी कांदाभजी तळायला लागलात, आणि तिसऱ्या वर्षी क्लबची वही तुमच्या हातात आली. नागपूरच्या शाळेत वीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईकडे वही जाणारच होती. कोण खेळलं, कोण कितव्या मिनिटाला बदललं, कोणाला पिवळं कार्ड, गोल कोणाचा. लीगच्या वेबसाइटवर फक्त स्कोअर येतो. गोल कोणी केला हे क्लबच्या वहीत असतं आणि दुसरीकडे कुठेही नसतं.

"प्रोफेशनल आहेत का हे?" मी विचारलं होतं.

"अर्धे. आठवडाभर प्लंबर, शनिवारी फुटबॉलर."

काका गेले, रश्मी तुम्हाला इथे घेऊन आली, आणि वही तुमच्याबरोबर आली. तिकडे कोणाला रविवारी बसून कालची मॅच पुन्हा पाहायची हौस नव्हती. क्लबचा सेक्रेटरी व्हिक कॅन्टीनच्या छपरावर एक कॅमेरा लावायचा आणि रेकॉर्डिंग पाठवायचा. ते शनिवारी सकाळी इथे पोचायचं. तुम्ही पाहायच्या आणि लिहायच्या. मी तुमची वही पाहिली आणि माझ्याच्याने राहवलं नाही. चार रंगांची शाई, बाण, समासात औषधांच्या वेळा. मी म्हटलं, मावशी, याची एक शीट करून देते. एका तासासाठी आलेली मी चार सीझन बसले.

तुम्ही बोलायच्या, मी टाइप करायचे. कॅमेरा इतका लांब की पाठीवरचे नंबर दिसायचे नाहीत. तुम्ही माणसं चालीवरून ओळखायच्या. "हा पाय ओढतो न, तो शिक्षक. हा कोंबड्यावानी मान काढतो, तो खाटीकखान्यातला. अन् डावा खांदा खाली पाडून चालतो, तो आपला ग्लेन." ग्लेन म्हणजे छत्तीस वर्षांचा, शाळेची बस चालवणारा, उजव्या बाजूचा डिफेंडर. तुम्ही वही हातात घेतली त्यानंतर काही वर्षांनी तो आला, आणि अकरा सीझन त्याच जागी खेळला. अकरा सीझनमध्ये एक गोल नाही.

नियम माझे होते, हे कबूल करते. पहिला: मॅच पाहून होईपर्यंत स्कोअर पाहायचा नाही. दुसरा: दोघींनी पाहिलं तरच लिहायचं. त्यासाठी शेवटी दोन रकाने केले, एकात "मं", एकात "कु". तुमचं "कु" तुम्ही स्वतः टाइप करायचात, एका बोटाने, मराठी कीबोर्डवर क शोधत. मी करून देते म्हटलं की हात बाजूला सारायचात. "सही दुसऱ्यानं करायची नसते."

पहिल्या वर्षीच्या एका शनिवारची गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. आज रश्मीला सांगितली. माझी आई पुण्यात गेली ती शुक्रवारी. माझे व्हिसाचे कागद अडकलेले होते. गेले असते तर परत येता आलं नसतं, आणि मुलाची शाळा, घराचं कर्ज, सगळं इथे. मी गेले नाही. भावाने फोन धरला आणि मी अंत्यसंस्कार फोनवर पाहिले. शनिवारी साडेनऊला मी लॅपटॉप घेऊन तुमच्या दारात आले, कारण ते कॅलेंडरवर होतं. तुम्हाला काही कळवलं नव्हतं. तुम्ही दार उघडलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "कोण गेलं?"

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं.

"तू उभी आहेस न," तुम्ही म्हणालात. "एरवी दार उघडायच्या आधी बूट काढलेले असतात तुझे."

मग तुम्ही मला आत घेतलंत, आणि सांत्वनाचं एक वाक्य बोलला नाहीत. मॅच लावलीत. "बारावा मिनिट. शिक्षकाला पिवळं कार्ड. लिही." मी लिहिलं. मध्यंतराला वरण-भात वाढलात. दुसऱ्या अर्ध्यात कुठेतरी मला दिसेनासं झालं, तेव्हा तुम्ही व्हिडिओ थांबवलात आणि तुमची गोळ्यांची डबी उघडून, मंगळवारच्या गोळ्या बुधवारच्या कप्प्यात टाकून, परत मंगळवारच्या कप्प्यात टाकत बसलात, म्हणजे मला वाटावं की तुम्ही कामात आहात. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. मानायचे होते, कुठल्यातरी यादीत होतं.

या सीझनला तुमचा क्लब तळाला होता. एप्रिलमध्ये सुरू झालं तेव्हा इथे झाडांना पालवी आली होती आणि तिकडे लोक कपाटातून स्वेटर बाहेर काढत होते. तुमचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार. शनिवारी तुम्ही थकलेल्या असायच्या, मी आठवड्याची थकलेली असायचे, आणि आपली टीम हरायची. तीन मॅचमध्ये आठ गोल खाल्ले. अन्वी कॉर्नफ्लेक्सचा बाऊल घेऊन मागून जाताना म्हणायची, "आजी, दे आर सो बॅड." तुम्ही म्हणायच्या, "वाईट नाही बेटा, थकलेले आहेत. शुक्रवारी कामावर होते."

क्लब खाली घसरला असता तर पुढच्या वर्षी खालच्या गटात, छोट्या मैदानांवर. तिथे कॅमेराही नसता. म्हणजे आपले शनिवारही नसते. हे आपण दोघी बोललो नाही, पण दोघींना माहीत होतं.

आणि मग सोळावी मॅच. समोर पहिल्या नंबरची टीम. तिकडे पाऊस, कॅमेऱ्याच्या काचेवर थेंब. एक-एक बरोबरी. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आपल्याला कॉर्नर. गोलसमोर पंधरा माणसं, चेंडू आत आला, सगळे उडाले, आणि जाळं हललं. दोन-एक. तुम्ही खुर्चीतून अर्ध्या उठलात, जे डॉक्टरांनी करू नका म्हटलं होतं.

"ग्लेन," तुम्ही म्हणालात.

मी मागे नेलं. पुन्हा पाहिलं. हळू करून पाहिलं. चेंडू त्यांच्या डिफेंडरच्या डोक्याला लागला असं मला वाटलं. ग्लेन शेजारी होता, पण लागला असं दिसत नव्हतं.

"स्वयंगोल आहे, मावशी. त्यांच्याच माणसाने त्यांच्याच जाळ्यात घातला."

"स्वयंगोल काऊन? ग्लेनकडे पाह्य न."

"पाहते आहे. तो काहीच करत नाहीये. नुसता उभा आहे."

"तेच तर सांगून राहिली मी. दुसऱ्याचा गोल झाला की हा बैलासारखा पळत जातो मिठी मारायला. आज पळाला नाही. उभा राहिला. त्याला स्वतःलाच खरं वाटून नाही राहिलं."

"स्वयंगोल झाला तर मिठी कोणाला मारणार? म्हणून उभा राहिला."

"मग बाकीचे कोणाकडे पळाले?"

"कॉर्नर ज्याने मारला त्याच्याकडे. सगळे एकाच ढिगात आहेत, काय सांगणार."

मी म्हटलं, व्हिकला लिहून विचारू, तो ग्लेनलाच विचारेल. तुम्ही लगेच नाही म्हणालात. "तो नाही म्हणन. टीमचा गोल आहे म्हणन. अकरा वर्षं तो हेच म्हणून राहिला. विचारायचं नाही. आपण पाहायचं अन् आपण लिहायचं, त्यासाठीच तर बसलो."

तेव्हा मी ते वाक्य बोलले. साडेअकरा वाजले होते, मला कॉस्टकोला सामान आणायला जायचं होतं, मुलाला स्विमिंगहून आणायचं होतं. मी म्हटलं, "मावशी, उभं राहणं हा पुरावा नाही."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. आणि म्हणालात, "नाही का?"

मी शीटमध्ये "स्वयंगोल" टाइप केलं, माझ्या रकान्यात "मं" लिहिलं, लॅपटॉप तुमच्याकडे वळवला. तुम्ही बोट कीबोर्डवर नेलंत आणि मागे घेतलंत. "मी नाही लिहीत. त्याचं नाव येईन तेव्हा ते मीच टाइप करीन, अन् मग सही." मी बॅग भरायला लागले तेव्हा पाठीमागून म्हणालात, "तू यादी करून राहिली, पाहून नाही राहिली." मी हसण्यावारी नेलं. चप्पल घालता घालता म्हटलं, "पुण्याच्या माणसाला नागपूरवाल्यांनी पाहायला शिकवू नये." तुम्ही हसला नाहीत. तुम्ही नेहमी हसायच्या.

सोमवारी डायलिसिसला गेलात तेव्हा ताप निघाला, तिथूनच ॲडमिट केलं. बुधवारी मी आले. रश्मी कॉफी आणायला खाली गेली होती. ऑक्सिजनची नळी नाकात होती, तरी तुम्ही विचारलंत, "गोल लिहिला का?" तुमच्या पायावरचं पांघरूण सरकलं होतं, ते मी नीट केलं, आणि म्हटलं, "शनिवारी पाहू." तुम्ही मान हलवलीत. शुक्रवारी पहाटे तुम्ही गेलात.

शनिवारी पाहू. कामावर मी दिवसातून दहा वेळा असं म्हणते. सोमवारी पाहू, पुढच्या पंधरवड्याच्या स्प्रिंटमध्ये पाहू. तिथे चालतं.

मी व्हिकला कळवलं. त्याने लांब मेल लिहिली. पुढच्या मॅचला कॅन्टीनची खिडकी एक मिनिट बंद ठेवली म्हणे, आणि त्या कॅन्टीनची खिडकी मॅचच्या दिवशी कधी बंद होत नाही हे तुम्हीच मला सांगितलं होतं. शेवटी त्याने लिहिलं की क्लब वाचला, एका गुणाने. म्हणजे सीझनचा निकाल आपल्याला मॅच न पाहताच कळला. तुम्ही चिडला असता. माझा पहिला नियम त्याने मोडला, बिचाऱ्याला माहीतच नव्हतं. एका गुणाने म्हणजे त्या गोलाने, हे गणित मी केलं. तुम्ही माझ्या आधी केलं असतं.

सीझन संपल्यावर क्लब छोटी पुस्तिका काढतो. सगळ्या मॅच, सगळे गोल, ज्याचं त्याचं नाव. ग्लेन या वर्षी थांबतोय, गुडघा गेला. व्हिकला शीट गुरुवारपर्यंत हवी आहे.

मागच्या शनिवारी रश्मीला घेऊन बसले आणि सतरावी, अठरावी उरकली. रश्मीला माणसं ओळखू येईनात, मलाही तुमच्याशिवाय येईनात. तेव्हा तुमची निळी वही काढली. मला वाटलं होतं शीट झाल्यावर तुम्ही ती बंद केली. तुम्ही बंद केली नव्हती. मागच्या पानांवर प्रत्येकाची चाल लिहिलेली होती. रश्मी वाचत होती, मी स्क्रीनवर शोधत होते. वाचता वाचता ती थांबली. "आईने एवढं तर कधी माझ्याबद्दल लिहिलं नसेल," ती म्हणाली, आणि मग हसली, आणि मग उठून भांडी घासायला गेली. डिशवॉशर रिकामा होता.

ग्लेनच्या नावापुढे तुमचं अक्षर: "डावा खांदा खाली. दुसऱ्याचा गोल झाला की सगळ्यात आधी हाच."

मग मी मला जे येतं ते केलं. या सीझनचे आपले सगळे गोल काढले, एकवीस. प्रत्येकाच्या पुढे रकाना: ग्लेन मैदानावर होता का, काय केलं. जिथे जिथे होता, तिथे पळाला. पाचव्या मॅचला त्यांच्या माणसाचा खराखुरा स्वयंगोल झाला होता, स्वच्छ दिसतो. तिथेही ग्लेन पळाला, अर्धं मैदान ओलांडून, आणि मिठी मारायला कोणी नाही म्हणून आपल्याच गोलकीपरकडे परत गेला आणि त्याला मारली. एकवीसपैकी एकदाच तो जागचा हलला नाही.

हे आज रश्मीला दाखवलं. मग सोळावी लावली, अठ्ठ्याऐंशीवं मिनिट. अजूनही चेंडू कोणाला लागतो ते मला दिसत नाही, मावशी. खोटं सांगत नाही. रश्मीलाही दिसत नाही. पण आज मी चेंडूकडे पाहणं सोडून दिलं. ढीग एकीकडे, पाऊस, आणि त्या सगळ्याच्या मधोमध हात खाली सोडून उभा असलेला एक माणूस, डावा खांदा खाली. आपलं काय झालंय ते शरीराला कळलंय, अजून त्याला कळलेलं नाही, असा.

तेव्हा मला तुमचं दार आठवलं. पायातले बूट आठवले. "नाही का?" तुम्ही मला विचारलं होतं, आणि मी ते ग्लेनबद्दल समजले होते.

तुम्हाला तेव्हाच म्हणता आलं असतं, अगं, तुझ्या आईच्या वेळी मी कशावरून ओळखलं? एका वाक्यात मी गप्प झाले असते. तुम्ही म्हणाला नाहीत. माझं दुःख तुम्ही वादात वापरलं नाहीत, एका गोलासाठीसुद्धा, आणि तो गोल तुम्हाला किती हवा होता हे मला माहीत आहे.

मी "स्वयंगोल" पुसलं. माझ्या रकान्यात "मं" आधीच होता, तो मी पुसून पुन्हा लिहिला. म्हणजे आता तो या गोलासाठी आहे.

रश्मी म्हणाली, "दे, आईच्या वतीने मी टाकते. नाव पण, कु पण. तिने तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना?"

बरोबर आहे तिचं. तुमचं मत नोंदलेलं आहे, माझं आता आलं, दोघींनी पाहिलं, नियम पूर्ण झाला. मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. तिने बोट कीबोर्डवर नेलं, क शोधला, आणि थांबली.

"सही दुसऱ्यानं करायची नसते," ती म्हणाली. तिलाही तुम्ही हेच शिकवलेलं दिसतंय.

समीर कॉल संपवून खाली आला, काय चाललंय म्हणाला. आम्ही म्हटलं, काही नाही, चहा ठेव. अन्वी उठली. तुमचा चष्मा तिने उचलला, टी-शर्टला पुसला आणि परत होता तिथेच ठेवला.

बाकी सतरा ओळी झाल्या आहेत. सोळाव्या ओळीत दुसरा गोल करणाऱ्याचं नाव रिकामं आहे, त्याच्या टोकाला तुमचा रकाना रिकामा आहे. आज शनिवार. गुरुवारपर्यंत लिहायचं आहे.